मिनिटांचा हिशेब मांडणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. उद्योगांवर पडणारा कागदपत्रांचा भार मोजणाऱ्या गटात तुझी निवड झाली आणि इतर देशांतल्या अशाच गटांबरोबर बसून मोजणीची रीत ठरवण्याचे काम पहिल्याच वर्षी तुझ्या वाट्याला येणार आहे, हे वाचून आनंद झाला. त्या आनंदात थोडी काळजीही आहे, कारण या कामात हुशार माणसे फार लवकर आकड्यांच्या प्रेमात पडतात. मी स्वतः पडलो होतो. आधी काय वाचू, असे तू विचारले आहेस. वाचण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते तुला तुझे सहकारी देतीलच. उत्तर युरोपात सल्लागार म्हणून हे काम करताना जे मला उशिरा कळले, तेवढेच मी येथे लिहितो.

सर्वप्रथम, मोजायचे काय ते पक्के कर. कायद्यामुळे उद्योजकाला होणारा प्रत्येक खर्च म्हणजे प्रशासकीय भार नव्हे. धुराड्याला गाळणी बसवावी लागते, तो नियम पाळण्याचा खर्च झाला. सरकारी तिजोरीत कर किंवा शुल्क जाते, तो आर्थिक खर्च झाला. गाळणी बसवली आहे हे दाखवणारा अहवाल तयार करून पाठवण्यात कारकुनाचे, हिशेबनिसाचे आणि मालकाचे जे तास जातात, तो प्रशासकीय खर्च. त्यातूनही, कायदा नसता तरी उद्योजकाने जे केलेच असते, ते वजा करायचे. हिशेबाची वही कोणताही शहाणा दुकानदार ठेवतोच. पण त्याच वहीतली माहिती निराळ्या रकान्यांत, निराळ्या तारखेला, निराळ्या खात्याला पुन्हा पुरवावी लागते, ती निव्वळ कायद्यापोटी. वजाबाकीनंतर उरते त्याला भार म्हणतात. ही विभागणी कागदावर सोपी दिसते, पण आंतरराष्ट्रीय बैठकीत अर्धा दिवस तिच्यातच जातो. तो जाऊ द्यावा. ‘कायदा नसता तर तुम्ही काय केले असते?’ या प्रश्नाला दोन देशांतले हिशेबनीस एकच उत्तर देत नाहीत, आणि तो फरक पहिल्या दिवशी उघड झाला नाही तर शेवटच्या दिवशी बेरजेत लपून बसतो.

ही विद्या मुख्यतः नेदरलँड्समध्ये घडली. १९९० च्या दशकात तेथे मिस्ट्राल नावाची पद्धत तयार झाली. २००० साली आक्टाल ही स्वतंत्र सल्लागार संस्था स्थापन झाली, जिचे काम नव्या कायद्याच्या मसुद्यासोबत त्यातून उद्योगांवर किती कागदपत्रे येतील याचा अंदाज दिला आहे की नाही, आणि दिला असेल तर तो खरा आहे की नाही, हे तपासण्याचे होते. त्यानंतर साऱ्या खात्यांचे कायदे एकत्र मोजले गेले. २००२ अखेरची स्थिती धरून केलेल्या त्या मोजणीला डच लोक शून्यमापन म्हणत, म्हणजे जेथून उतरायला सुरुवात करायची ती पायरी. आकडा आला १६.४ अब्ज युरो, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ३.६ टक्के. २००७ पर्यंत यातून एक चतुर्थांश उतरवायचे असे ठरले. या योजनेचे खरे बळ २५ टक्क्यांच्या घोषणेत नव्हते. ते वित्तमंत्री गेरिट झाल्म यांच्या खात्याने हे काम अर्थसंकल्पाच्या दावणीला बांधले यात होते. प्रत्येक मंत्रालयाला खर्चाची मर्यादा असते तशी भाराची मर्यादा मिळाली आणि ती ओलांडणाऱ्या मंत्र्याला वित्त खात्यापुढे उत्तर द्यावे लागले. दुसऱ्याच्या वेळाचा खर्च आपल्या ताळेबंदात दिसत नाही म्हणून तो सरकारला फुकट वाटतो. तो कोठेतरी लिहून ठेवण्याची सक्ती झाली, एवढ्यानेच पुष्कळ फॉर्म जन्माला येण्याआधी अडले.

आता तुझ्या कामाच्या गाभ्याकडे येतो. देशांना एकमेकांची गरज का पडली? केवळ एकमेकांचे अनुभव ऐकण्यासाठी नव्हे. डच आणि डॅनिश मंडळींनी मोजायला घेतले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की उद्योगांवरील भाराचा मोठा हिस्सा त्यांच्या संसदेने घातलेलाच नाही, तो ब्रसेल्सहून, म्हणजे युरोपीय संघाकडून, आला आहे. म्हणून प्रत्येक बंधनाला मुळाप्रमाणे वर्ग दिला गेला. जे बंधन युरोपीय कायद्याने संपूर्णपणे ठरवले, तो अ वर्ग. हेतू युरोपचा पण अंमलाची रीत देशाने ठरवली, तो ब. निव्वळ स्वदेशी, तो क. क वर्गातला भार मंत्री एका सहीने उतरवू शकतो. ब वर्गात त्याला स्वतःच्याच अधिकाऱ्यांना विचारावे लागते की मूळ निर्देशात (देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या युरोपीय कायद्यात) नसलेले तीन रकाने आपण कोणत्या हौसेने जोडले. अ वर्गापुढे मात्र तो एकटा हतबल असतो. तेथे दुसऱ्या देशांची मते आणि त्याच मापाने मोजलेले त्यांचे आकडे हवेत. २००४ च्या डिसेंबरात आयर्लंड, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि फिनलंड या ओळीने युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद सांभाळणाऱ्या सहा देशांनी नियमन-सुधारणेचे संयुक्त निवेदन काढले, त्यामागे हेच गणित होते. अध्यक्षपद सहा महिन्यांचे असते, आणि एका देशाने उचललेला विषय पुढच्याने खाली ठेवला की संपला.

यातूनच, २००३ च्या सुमारास, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन यांसारख्या देशांच्या मोजणीगटांचे जाळे उभे राहिले आणि २००५ साली त्यांची संयुक्त पुस्तिका निघाली. मोजणीच्या त्या रीतीला स्टँडर्ड कॉस्ट मॉडेल म्हणतात. तू ती पुस्तिका आधी वाचशीलच. माझ्या मते तिचा सर्वांत मोलाचा भाग सूत्राचा नाही, व्याख्यांचा आहे. सूत्र तर दुकानदाराच्या पोरालाही कळेल: एका कामाला लागणारा वेळ, गुणिले तो वेळ देणाऱ्याचा ताशी दर, गुणिले असे काम करणाऱ्या उद्योगांची संख्या, गुणिले ते वर्षातून किती वेळा करावे लागते. समजा एक विवरणपत्र भरायला दोन तास लागतात, ताशी दर ३० युरो आहे, ४०,००० उद्योग ते भरतात आणि दर तिमाहीला भरतात. एका वेळचा खर्च ६० युरो, वर्षाला १,६०,००० विवरणपत्रे, म्हणजे ९६ लाख युरो. ते वर्षातून एकदाच घ्यायचे ठरले तर २४ लाख. बचत ७२ लाख युरो. मंत्रीमहोदय पत्रकार परिषद घेतात.

हे उदाहरण वहीत लिहून ठेव, कारण मला पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

सूत्रातल्या प्रत्येक संख्येला मागून एक माणूस धरून उभा असतो, हे विसरू नकोस. वेळ कोठून येतो? बहुधा तीन, चार, पाच उद्योगांच्या मुलाखतींतून. संख्याशास्त्र शिकलेल्या तुला हे ऐकून धक्का बसेल, मलाही बसला होता. पण ही पद्धत सरासरी काढतच नाही. ‘साधारण कार्यक्षम उद्योग’ हे काम किती वेळात करील याचा विचारपूर्वक अंदाज करते. फार गबाळा नाही, फार चोख नाही, असा उद्योग. मुलाखतींमधले आकडे एकमेकांजवळ आले तर थांबायचे, दूर गेले तर आणखी दोन ठिकाणी जायचे आणि दूर का गेले ते शोधायचे. या शोधातच सगळे शिक्षण असते. एका छोट्या मालवाहतूक कंपनीत मी गेलो होतो. मालकीणबाईंनी सांगितले, फॉर्म भरायला बारा मिनिटे लागतात. मी बारा लिहिले. उठता उठता त्या सहज म्हणाल्या की फॉर्मला लागणारा एक आकडा तिन्ही ट्रकचालकांच्या वह्यांतून जमवण्यात त्यांच्या मुलाचा रविवारचा अर्धा दिवस जातो. मी विचारले होते, ‘भरायला किती वेळ लागतो?’ विचारायला हवे होते, ‘हा कागद येणार हे कळल्यापासून तो निघेपर्यंत कोण काय करते?’ पुस्तिकेत कामांची यादी असते: बंधन समजून घेणे, माहिती जमवणे, हिशेब करणे, तपासणे, पाठवणे, तपासनीस आला तर त्याच्यासोबत फिरणे. ती यादी समोर असूनही मी फॉर्मवरच डोळे लावून बसलो होतो.

उद्योगांच्या संख्येतही मी एकदा सपशेल फसलो. नोंदणीपुस्तकात जेवढे उद्योग होते तेवढे मी गुणाकारात घेतले. त्यांतले कितीतरी नावापुरते जिवंत होते. ना व्यवहार, ना नोकर, मालकाने बंद केल्याचे कळवण्याचा कंटाळा केलेला, एवढेच. सांख्यिकी कार्यालयातल्या एका ज्येष्ठ कारकुनाने माझा तक्ता पाहून शांतपणे विचारले, ‘मेलेली माणसे विवरणपत्र भरतात का?’ सादरीकरण दोन दिवसांवर होते. आकडा जवळपास निम्म्यावर आला आणि माझी झोप उडाली, पण त्या दिवसापासून वेळापेक्षा संख्येवर मी जास्त संशय घेऊ लागलो. मुलाखतीत दहा मिनिटे इकडेतिकडे झाली तर चूक लहान राहते. संख्या चुकली तर सगळे काही दुप्पट होते.

आता त्या ७२ लाखांकडे परत ये. सरकारच्या दृष्टीने ती मोठी बचत आहे. पण एका उद्योजकाच्या वाट्याला काय आले? वर्षाचे सहा तास, म्हणजे १८० युरो. महिन्याला अर्धा तास. याच काळात एखाद्या दुसऱ्या खात्याने त्याच्याकडे नवा दाखला मागितला असेल, एखाद्या तपासनिसाने त्याला उद्धटपणे वागवले असेल, तर त्या अर्ध्या तासाची त्याला गंधवार्ताही लागणार नाही. नेमके तसेच झाले. डच सरकारच्या हिशेबाने एक चतुर्थांशाचे उद्दिष्ट गाठले गेले, पण उद्योजक म्हणत राहिले की आम्हाला काही जाणवले नाही. ब्रिटननेही २००५ नंतर असाच मोठा मोजणी-प्रकल्प राबवला होता. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने उद्योगांना विचारले तेव्हा फरक जाणवला असे सांगणारे थोडेच निघाले. काहींनी यावरून पद्धतच खोटी ठरवली. मला ते पटत नाही. बचत खरी होती, पण आपल्या उदाहरणातल्या ७२ लाखांसारखी ती हजारो उद्योगांत चिमूटचिमूट वाटली गेली होती. आणि माणसाला जाच वाटतो तो तासांचा कमी, अनिश्चिततेचा आणि निरर्थकतेचा जास्त. हाच पत्ता मी गेल्या महिन्यात त्याच खात्याला दिला होता, या वाक्यातला राग कोणत्याही ताशी दराने मोजता येत नाही.

डॅनिश मंडळींनी यावर काढलेली तोड मला आजही आवडते. त्यांनी अधिकाऱ्यांना ‘भारशिकारी’ असे नाव देऊन कंपन्यांमध्ये बसायला पाठवले: तक्ता घेऊन नव्हे, तर डोळे उघडे ठेवून, कोठे चिडचिड होते ते पाहायला. जर्मनीने वेगळी वाट धरली. २००६ मध्ये कायदा करून स्वतंत्र नियंत्रण परिषद नेमली, वीसबाडनच्या संघीय सांख्यिकी कार्यालयाकडे मोजणी सोपवली, २०११ पासून फक्त माहिती देण्याचाच नव्हे तर नियम पाळण्याचा सगळा खर्च मोजायला घेतला, आणि पुढे लोकांना व उद्योगांना जीवनातल्या प्रसंगांनुसार विचारणे सुरू केले: उद्योग सुरू करताना, पहिला नोकर ठेवताना, जागा बांधताना सरकारी कामाचा अनुभव कसा होता? हे दोन्ही प्रकार एकमेकांना पूरक आहेत. तुझ्या गटाला एकच निवडायची सक्ती झाली तर, माझे ऐकशील तर, भारशिकाऱ्यांचा निवड. तक्ते नंतर करता येतात.

युरोपीय संघाने २००७ साली स्वतःच्या कायद्यांवर हीच पद्धत लावली. १३ क्षेत्रांतले कायदे मोजले, बव्हेरियाचे माजी मुख्यमंत्री एडमंड श्टॉयबर यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार गट नेमला, वार्षिक भार सुमारे १२४ अब्ज युरो निघाला आणि २०१२ पर्यंत त्यातून एक चतुर्थांश कमी करण्याचे ठरले. भाराचा बहुतांश हिस्सा मूल्यवर्धित कर आणि कंपनी कायदा एवढ्यातच सापडला. यातला एक धडा तुझ्यासाठी आहे. २०१० च्या निर्देशाने कागदी आणि इलेक्ट्रॉनिक बिले करापुरती समान मानली आणि सर्व उद्योग इलेक्ट्रॉनिक बिलांकडे वळले तर सुमारे १८ अब्ज युरो वाचतील असा अंदाज दिला गेला. या वाक्यातल्या ‘वळले तर’ या दोन शब्दांवर सगळे अवलंबून आहे. कायदा बदलल्याने मुभा मिळते. गावातला सुतार त्या मुभेचा उपयोग करतो की नाही हे त्याच्या संगणकावर, त्याच्या हिशेबनिसाच्या सवयीवर आणि त्याच्या गिऱ्हाइकावर ठरते. संभाव्य बचत आणि झालेली बचत यांचे रकाने वेगळे ठेव. ते एकत्र करायला तुला कोणीतरी वरिष्ठ नक्की सांगेल.

तुलना हा दुसरा सापळा. आकडे एकदा सारख्या मापाने निघाले की देशांना ओळीत उभे करण्याचा मोह आवरत नाही. व्यवसाय करणे किती सोपे आहे यावरून देशांना क्रमांक देणाऱ्या जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ या यादीचे काय झाले ते तू वर्तमानपत्रांत वाचले असशील. २००३ पासून ती निघत होती. भारताच्या वतीने आधी फक्त मुंबईची आणि पुढे मुंबई व दिल्ली या दोनच शहरांची माहिती तिच्यात जाई. २०१४ साली निघालेल्या यादीत आपला क्रमांक १४२ होता आणि २०१९ साली निघालेल्या यादीत ६३. या काळात मुंबईत बांधकाम परवाना आणि वीजजोडणीच्या पायऱ्या खरोखर कमी केल्या गेल्या, हे श्रेय नाकारायचे कारण नाही. पण इचलकरंजीचा यंत्रमागधारक किंवा नांदेडचा आडत्या त्या ६३ मध्ये कोठे होता? पुढे काही देशांच्या आकड्यांत अनियमितता आढळल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने ही यादीच बंद केली. क्रमांक हेच बक्षीस ठरले की सुधारणा मोजणाऱ्याच्या दारातच होतात, हा मला त्यातून मिळालेला धडा आहे.

याउलट, आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, ११ देशांत केलेला एक छोटा प्रयोग मला जास्त प्रामाणिक वाटतो. त्यांनी साऱ्या अर्थव्यवस्थेची तुलना केली नाही. फक्त रस्त्यावरची मालवाहतूक घेतली आणि त्यातलेही दोनच प्रसंग: ट्रक चालवणे आणि नोकर ठेवणे. ट्रक हा सगळीकडे ट्रकच असतो, म्हणून तुलना शक्य झाली. अशा अरुंद विषयावर दोन देशांचे अधिकारी बसले की ‘तुमचा आकडा आमच्यापेक्षा कमी का?’ या प्रश्नाचे उत्तर सापडते: तुम्ही तो दाखला दर वर्षी मागता, आम्ही पाच वर्षांनी, तुम्ही मालकाकडून मागता, आम्ही दुसऱ्या खात्याकडून मागवून घेतो. क्रमांकापेक्षा हे ‘का’ घरी नेण्यासारखे असते. बैठकीला जाशील तेव्हा विषय जितका अरुंद ठेवता येईल तितका ठेव आणि पहिली तुलना मैत्रीच्या देशाशी कर, स्पर्धेतल्या देशाशी नको.

सगळ्यांनी पैशातच मोजावे असाही आग्रह धरू नकोस. अमेरिकेने १९८० च्या कागदपत्र-घट कायद्यापासून तास मोजण्याची परंपरा ठेवली आहे; संघीय अर्जांवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हा भरायला अंदाजे इतकी मिनिटे लागतील. ते अंदाज कधीकधी हास्यास्पद असतात, पण भरणाऱ्याच्या हातात सरकारचा दावा पडतो आणि तो स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहू शकतो. पैशात रूपांतर केले की दराचे भांडण सुरू होते. शिवाय, कमी पगाराच्या देशात तेवढेच तास स्वस्त ठरतात आणि भार हलका दिसू लागतो, हा अन्यायही त्यात लपलेला असतो. भारतासारख्या देशाच्या बाजूने तू त्या टेबलावर बसणार असशील तर हा मुद्दा तुलाच मांडावा लागेल.

मोजणीनंतर घट करायची तर सहकार्याचे सर्वांत टिकाऊ फळ मला माहितीच्या शब्दकोशात दिसते. नेदरलँड्सने २००४ च्या सुमारास करविभाग, सांख्यिकी कार्यालय आणि कंपनी नोंदणी यांना एकत्र बसवून ‘उलाढाल’, ‘कर्मचारी’, ‘मालमत्ता’ असे शब्द सर्वांनी एकाच अर्थाने वापरावेत असे काम सुरू केले. एका खात्याचा कर्मचारी वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, म्हणून उद्योजक एकच आकडा तीन वेळा काढत होता. ऑस्ट्रेलियाने हा प्रकल्प जवळून पाहिला आणि २०१० मध्ये स्वतःची अशीच व्यवस्था सुरू केली. या कामाला फिती कापायला कोणी येत नाही, बातमी होत नाही, आणि म्हणूनच त्यात तुझ्यासारख्या माणसांची गरज असते.

आपल्याकडच्या कामाबद्दल थोडे लिहितो. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ३९,००० हून अधिक अनुपालने (उद्योगांनी पूर्ण करायच्या सरकारी अटी) कमी केली आणि ३,४०० हून अधिक तरतुदींतून फौजदारी शिक्षा काढली असे सांगितले गेले. हे काम मोठे आहे. पण मोजणीच्या दृष्टीने ही नगांची संख्या आहे, वजन नव्हे. पाच वर्षांत एकदा लागणारा, दोनशे जणांनाच लागू असलेला दाखला आणि लाखो दुकानदारांचे मासिक विवरणपत्र, दोन्ही एकएकच मोजले जातात. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने १० पेक्षा कमी कामगार असलेल्यांना ‘गुमास्ता’ नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना देण्याची मुभा दिली. नगांत मोजले तर हे एक अनुपालन. संख्येने गुणले तर राज्यातल्या बहुतेक दुकानांना स्पर्श करणारे. दुकानदार तरीही एजंटाला पैसे देतो का, बँक त्याच्याकडे जुनाच दाखला मागते का, हे मात्र भारशिकाऱ्यालाच दिसेल. तुझ्या पहिल्या मुलाखती तेथूनच कर, असा माझा आग्रह आहे.

शेवटी एक गोष्ट, जी तुझ्या आंतरराष्ट्रीय बैठकीत कोणी आपणहून काढणार नाही. मोजणीची ही सारी पद्धत प्रत्येक देशाच्या हद्दीतल्या उद्योगांपुरती आहे. युरोपच्या कार्बन सीमा यंत्रणेची (पोलादासारखा आयात माल तयार होताना बाहेर पडलेल्या कार्बनवर आकार लावण्याच्या व्यवस्थेची) अहवालसक्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. अहवाल द्यायचा तो युरोपातल्या आयातदाराने, पण एका टनामागे किती कार्बन बाहेर पडला हे त्याला ठाऊक नसते. तो कोल्हापूर किंवा चाकणच्या कारखानदाराला ईमेल करतो आणि तक्ता भरून मागतो. २०२५ मध्ये युरोपने वर्षाला ५० टनांपर्यंतची आयात करणाऱ्यांना सूट दिली. सुमारे ९० टक्के आयातदार सुटतील आणि तरीही ९९ टक्के उत्सर्जन कक्षेत राहील, असा त्यांचा हिशेब आहे. हिशेब चांगला आहे. पण जो आयातदार कक्षेत राहिला त्याच्यासाठी आपल्या भट्टीवाल्याने घालवलेले तास ब्रसेल्सच्या तक्त्यात नाहीत आणि दिल्लीच्याही नाहीत. भार हद्द ओलांडून जातो, मोजणी सीमेवरच्या नाक्यापाशी थांबते. दोन्हीकडच्या मोजणीगटांनी एकच साखळी, एका नट-बोल्टची, भट्टीपासून बंदरापर्यंत मिळून मोजावी, असा प्रस्ताव तू मांडू शकशील. त्यासाठी नवा करार लागत नाही. दोन अधिकारी, दोन कारखाने आणि एक सामाईक तक्ता पुरे.

त्या तक्त्यात ‘माहिती शोधण्यात गेलेला वेळ’ हा रकाना ‘भरण्यात गेलेला वेळ’ याच्या आधी ठेव. पहिली मुलाखत झाली की भरलेला तक्ता मला पाठव. मेलेली माणसे मोजली नाहीत ना, तेवढे मी पाहून देईन.

तुझा हितचिंतक